टोटलमामा

आमच्या भागातल्या लग्नात दोन माणसं उपाशी राहतात. एक नवरीचा बाप आणि दुसरा ताटं मोजणारा. पहिल्याच्या घशाखाली घास उतरत नाही आणि दुसऱ्यानं घास घेतला की आकडा चुकतो. केटररचं बिल ताटावर असतं. तो म्हणतो साडेआठशे ताटं उठली, आपला अंदाज सातशेचा. मधल्या दीडशे ताटांसाठी घरातला एक विश्वासू, चिवट आणि भुकेवर ताबा असलेला माणूस प्लेटांच्या चळतीपाशी उभा करावा लागतो. आमच्या खानदानात गेली तीस वर्षं त्या जागेवर टोटलमामा उभे आहेत.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. हजेरी झाली की वर्गाला विचारायचे, "पटावर बेचाळीस, हजर एकतीस, पळालेले?" पोरं ओरडायची, "अकरा!" "टोटल?" "बेचाळीस!" बेरीज जुळली की पळालेल्या अकरांबद्दल मामांच्या मनात राग उरत नसे. हिशेब लागला ना, मग झालं. तिथूनच हे नाव पडलं आणि ते आता रेशनकार्डावर तेवढं यायचं राहिलंय.

हिशेबी माणूस वेगळा आणि मोजणारा माणूस वेगळा. हिशेबी माणसाला मोजण्यातून काहीतरी काढायचं असतं. मोजणाऱ्याला काही नको असतं, बेरीज झाली की त्याचं पोट भरतं. असा एक जण प्रत्येक गावात असतो. कीर्तनाला किती बाया, किती गडी, हे त्यालाच माहीत असतं. एसटीत बसला की तो खांब मोजतो. माहूरच्या रेणुकेला जाताना लोक देवीचं नाव घेत पायऱ्या चढतात, मामा आकडा घेत चढतात. अर्ध्यावर कोणी "राम राम मास्तर" घातला आणि आकडा निसटला, तर मामा खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करतात. देवीला इतकं चालणारा भक्त दुसरा नसेल.

मामांचं गाव लोहा तालुक्यात, म्हणजे नांदेड–लातूर रस्त्यावर. अर्धे पाहुणे नांदेडला, अर्धे लातूरला आणि मधे मामा, दोन्हीकडची गणती ठेवत. लातूरचा कोणी नवा जावई आला की त्याला पाण्याआधी प्रश्न येतो, "गंजगोलाईला रस्ते किती मिळतेत?" गोलाई १९१७ सालची, रस्ते सोळा, हे जावयाला आलं तर पोरगी चांगल्या घरी पडली. नांदेडचा असेल तर गोदावरीवरचे पूल विचारतात आणि त्यानं एखादा आकडा सांगितला की "रेल्वेचा धरून का सोडून?" असा पेच टाकतात. ओसरीवर बसलेल्या मामांना कोणीही विचारावं, "काय करूलालाव मामा?" उत्तर एकच असतं, "मोजूलालो."

या माणसाची दिवाळी दहा वर्षांनी एकदा यायची. जनगणना. बाकीचे मास्तर ड्यूटी चुकवायला दवाखान्याचे कागद आणायचे, मामा मागून घ्यायचे. २०११ च्या गणतीत नांदेड जिल्हा ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्हा २४,५४,१९६ भरला, हे मामा अजून झोपेतून उठवलं तरी सांगतात आणि पुढे जोडतात, "नांदेडातले सहाशे चौदा माझे." त्या वेळी २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसांची मोजणी होती, कारण १ मार्चला शून्य वाजता जो जिथं असेल तो तिथला धरायचा असतो. मामा बॅटरी घेऊन बसस्टँडवर गेले. बाकड्यावर झोपलेल्या एकानं डोळे चोळत विचारलं, "सायेब, मोजल्यावर काय देतेत?" मामा म्हणाले, "आकडा." तो माणूस पुन्हा झोपला. २०२१ ची गणती झालीच नाही. आता पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून आहे आणि तीही मोबाइलवर. मामा तोवर रिटायर झाले. तरी त्यांनी नवा पेन आणून ठेवलाय.

अशा माणसाच्या घरात संगणक शिरला तो आमच्या चिरंजीवांच्या रूपानं. चिरंजीव नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. फोटोत काय काय आहे ते संगणकानं ओळखायचं, त्याची जात लावायची आणि नग मोजायचे, हा त्यांचा विषय. लातूरला औसा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. मामा नेहमीप्रमाणे चळतीपाशी उभे राहिले. चिरंजीवांनी शेजारी तिपाईवर मोबाइल लावला आणि म्हणाले, "आबा, आज तुम्ही जेवा. हे मोजतंय."

मामा जेवले नाहीत. कोणावर कोणाची नजर आहे हे न कळावं अशी ती पंगत होती. केटरर मामांकडे बघतोय, मामा मोबाइलकडे बघताहेत आणि मोबाइल सगळ्यांकडे. शेवटी तीन आकडे निघाले. केटररचा आठशे चाळीस, मामांचा सातशे बारा आणि यंत्राचा एक हजार नऊशे छत्तीस. केटररनं आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानावर विश्वास ठेवला आणि तो यंत्राचं बिल मागू लागला.

घोटाळा असा होता की यंत्राला माणूस दिसतो, तोच माणूस पुन्हा आलाय हे सहजासहजी कळत नाही. चौकटीतून बाहेर गेला आणि परत आला की त्याला नवा नंबर. गुलाबजामसाठी चारदा आलेले आमचे साडू यंत्राच्या दफ्तरी चार वेगवेगळे साडू म्हणून लागले होते. चिरंजीव ओशाळले. मामांनी मात्र साडूंकडे एकवार पाहिलं आणि निवाडा दिला, "यंत्र नाही चुकलं. चार माणसांचंच खाल्लंय."

पण खरी गंमत पडद्यावर होती. यंत्र जे ओळखतं त्याभोवती चौकट काढतं आणि वर नाव लिहितं. पापडावर लिहिलं होतं 'फ्रिस्बी'. मेदूवड्यावर 'डोनट'. आचाऱ्याच्या हातातल्या झाऱ्यावर 'टेनिस रॅकेट'. आणि व्याह्यांनी तुरा सोडून बांधलेल्या फेट्यावर 'कुंडीतलं झाड'. व्याही अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

"ही नावं कोणी शिकवली याला?" मामांनी विचारलं. मास्तरच तो. पोरगं चुकलं की आधी कुठल्या शाळेतलं हे बघणार.

चिरंजीवांनी यादी काढून दिली. २०१४ साली 'कोको' नावाचा फोटोंचा एक मोठा संग्रह निघाला. त्यात ऐंशी प्रकारच्या वस्तू आणि प्राणी चौकटी आखून, नावं लावून ठेवलेत. जगभरातली यंत्रं अजून त्यावर धुळाक्षरं गिरवतात. मामांनी लाल पेन घेतला, यादी मांडीवर पसरली आणि पेपर तपासायला बसले.

"गाय हाय. मेंढी हाय. घोडा, हत्ती, अस्वल. बरं. झेब्रा. जिराफ." पेन थांबला. "म्हैस?"

"नाहीये आबा."

"शेळी?"

"नाही."

"गाढव?"

"तेपण नाही."

मामांनी चष्मा काढला. "जिराफ हाय आन् म्हैस नाई. माळेगावच्या जत्रंला यांचं कोणीच आलेलं दिसत नाई."

पुढे स्की होती, स्नोबोर्ड होता. सर्फबोर्डवर मामा बराच वेळ अडकले. लाटेवर उभं राहायची फळी, असं चिरंजीवांनी समजावल्यावर ते म्हणाले, "लातूरला १६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. मी स्टेशनात उभं राहून मोजल्यात. त्यात ही फळी कुठं ठेवायची?"

चिरंजीवांनी बाजू सावरायला सांगितलं की हैदराबादच्या ट्रिपलआयटीनं खास आपल्या रस्त्यांचा संग्रह केलाय, दहा हजारांवर चित्रं, चौतीस प्रकार, त्यात ऑटोरिक्षा आहे आणि 'प्राणी' असा एक रकानाही आहे. मामा ऑटोवर खूश झाले, प्राण्यावर बिघडले. "नुसता प्राणी? शाळेच्या दाखल्यावर नावाच्या जागी 'मुलगा' लिहिल्यावानी झालं ते."

मग मामांनी यंत्राला स्वतः माळेगावला नेलं. आमच्या भागात यात्रा म्हणजे माळेगावच्या खंडोबाची. उंटापासून गाढवापर्यंत सगळं तिथं विकायला उभं असतं. देवणीचा ठिपक्याठिपक्यांचा वळू दिसला, यंत्र चटकन म्हणालं, 'गाय, ०.९१'. मामांनी माफ केलं. देवणीत एक बालंक्या, सगळा पांढरा, एक वानेरा, तोंडावर काळा आणि एक वाघ्या, अंगभर ठिपक्यांचा, असे तीन प्रकार असतात हे त्यांनी यंत्राला तोंडी सांगून पाहिलं. पुढे लालकंधारी बैल उभा होता. कंधारची माती पांघरल्यासारखा नखशिखांत तांबडा, मालकानं शिंगं रंगवलेली. यंत्रानं चौकट काढली आणि लिहिलं, 'घोडा, ०.५४'.

मालक मागून वाकून बघत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण मामांनी वाचून दाखवलं.

"घोडा म्हनलं का यानं?" मालकानं चाबूक दुसऱ्या हातात घेतला. "गिऱ्हाईक समोर असताना? भाव पाडूलालाव का माझा?"

त्या दिवशी चिरंजीव आणि मामा यात्रेतून फार वेगानं निघाले. मामांनी त्या गडबडीत पावलं मोजली नाहीत, एवढंच सांगतो.

०.५४ ही भानगड मात्र मामांना फार आवडली. यंत्र नुसतं नाव सांगत नाही, शून्य ते एकच्या मापात स्वतःवरचा भरवसाही सांगतं. आपण मर्यादा घालून द्यायची की इतक्याच्या खालचं मोजायचं नाही. मर्यादा खाली आणली तर त्याला कचऱ्यातही पतंग दिसतात, वर नेली तर डोळ्यासमोरचा हत्ती सुटतो. मामांनी हे ऐकलं आणि त्यांना गावातली माणसं उलगडली. "आपला तलाठी ०.९५ चा," ते म्हणाले, "कागद सोडून कशावरच भरवसा नाई. आन् तुझी आजी ०.२० ची." मामी नांदेडला वजिराबादेत बाजाराला गेल्या की समोरून येणारी प्रत्येक बाई त्यांना मुखेडच्या मावसबहिणीसारखी दिसते. त्या थांबून ख्यालीखुशाली विचारतात. दहातल्या नऊ जणी निघतात परक्याच, पण दहावी खरंच कोणाची तरी नणंद असते.

तेव्हापासून मामांच्या बोलण्यात अपूर्णांक शिरले. "उद्या येतो, ०.६." "पाऊस येईल, ०.३." एकदा मामींनी वरणात मीठ कसं झालंय विचारलं. मामा ०.४ म्हणाले. त्या रात्री त्यांना दुसऱ्यांदा वरण मिळालं नाही.

चिरंजीवांचा खरा प्रकल्प होता बोंडअळीचा. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राचा कापूस खाल्ला, त्यात मामांचे चार एकरही गेले. अळी बोंडात शिरली की वरून दिसत नाही आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तिच्या आधीची अवस्था मोजायची. शेतात कामगंध सापळा लावतात. त्यात मादीच्या वासाची गोळी असते. त्या वासावर नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. मामा या सापळ्याला 'नवरी नसलेला मांडव' म्हणतात. नवरदेव नुसते येत राहतात आणि दारात मोजणारा उभा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. सातला थांबायचं, आठला हलायचं. म्हणजे एका पतंगाच्या चुकीवर औषधाचा खर्च किंवा सगळं पीक, दोन्हीपैकी एक.

हे मोजण्याचं काम मोबाइलकडे द्यायची कल्पना आपल्या राज्यात प्रत्यक्ष वापरून झालीय. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनं असं ॲप केलं. पिशवीतले पतंग कागदावर पसरायचे, फोटो काढायचा, ते गुलाबी बोंडअळीचे आणि अमेरिकन बोंडअळीचे वेगळे मोजतं आणि सल्ला देतं. साध्या फोनवर, रेंज नसली तरी. चिरंजीवांना तेच छोट्या प्रमाणावर स्वतः करून बघायचं होतं. त्यासाठी हवे होते पतंगांचे दोन हजार फोटो आणि त्यातल्या प्रत्येक पतंगाभोवती हातानं आखलेली चौकट. हे कोण करणार? ज्याला रात्री झोप येत नाही आणि मोजल्याशिवाय करमत नाही असा माणूस पाहिजे होता. तो ओसरीवर बसलेलाच होता.

मामा माऊस धरायला दोन दिवसांत शिकले. मामींचं म्हणणं, मिक्सर लावायला ते तीस वर्षांत शिकले नाहीत. रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप, शेजारी जाड वही आणि सेंटिमीटरभराहूनही लहान, मातकट रंगाचे ते पतंग. वहीत मामांनी नियम लिहायला घेतले, कारण पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात आलं की मोजणं सोपं असतं, अवघड असतं ते 'एक' कशाला म्हणायचं हे. पंख तुटलेला पतंग एक का अर्धा? नुसता पंख पडलाय, धड नाही, तर? दोघं एकमेकांवर पडलेत, वरचा दिसतो, खालच्याच्या मिशा दिसतात, तर? मामांनी जनगणनेच्या शिस्तीनं लिहिलं: 'नियम १. डोके ज्या चौकटीत, पतंग त्या चौकटीतला. नियम २. नुसता पंख आढळल्यास कुटुंबप्रमुख गैरहजर समजावा.' चिरंजीव हसले, पण त्यांच्या सरांनी ती वही मागवून घेतली.

यंत्र शिकू लागलं तसं त्याचे गुण दिसायला लागले. सुरुवातीला ते एकाच पतंगावर पाच-पाच चौकटी काढायचं. मग त्या चौकटींची आपसात झाडाझडती होते, सगळ्यात जास्त भरवशाची तेवढी ठेवतात आणि तिच्यावर चढलेल्या बाकीच्या पुसतात. मामांना यात नवीन काही वाटलं नाही. "एका गल्लीत पाच गणपती मंडळं, पाच पावतीपुस्तकं," ते म्हणाले. "शेवटी ज्याचा डीजे मोठा तोच राहतो."

एका रात्री मामांनी विचारलं, "आधीच्या यंत्रांच्या चौकटी कोणी काढल्या?" चिरंजीवांनी गोष्ट सांगितली. अमेरिकेत फेई-फेई ली नावाच्या बाईंनी २००९ साली 'इमेजनेट' उभं केलं, एक कोटीहून जास्त फोटो, प्रत्येकाला नाव लावलेलं. नावं लावायला १६७ देशांतली एकोणपन्नास हजारांच्या घरात माणसं इंटरनेटवरून बसवली होती. २०१२ साली टोरांटोच्या तिघांनी त्या फोटोंवर शिकवलेलं यंत्र स्पर्धेत इतकं पुढे गेलं की सगळं जग तिकडे वळलं. मामांनी तिघांबद्दल काही विचारलं नाही. त्यांचं लक्ष एकोणपन्नास हजारांवर होतं. "म्हणजे आमच्यासारखेच, ड्यूटीवर लावलेले," ते म्हणाले. मग काळजीनं विचारलं, "मानधन वेळेवर भेटलं का त्यांना?"

त्याच बैठकीत 'योलो' निघालं. २०१५ पासून गाजलेली ही पद्धत, नावाचा अर्थ 'एकदाच बघा'. यंत्र फोटोवरून पुन्हापुन्हा नजर फिरवत नाही, एका नजरेत सगळ्या चौकटी सांगतं. मामा खुलले. "मीपण एकदाच बघितलं होतं. कांदेपोहे, दहा मिनिटं, होकार."

"मी दोनदा बघितलं होतं," आतून मामींचा आवाज आला. "पहिल्यांदा पटलं नव्हतं."

मामांकडे सगळे आकडे आहेत, फक्त एक नाही. चिरंजीवांनी कधीतरी मदतकार्यासाठी ड्रोनच्या फोटोतून माणसं कशी शोधतात, ते दाखवलं. मलब्यावर चौकटी, प्रत्येकीवर 'माणूस, ०.८८', 'माणूस, ०.९३'. मामांनी लॅपटॉप हळूच मिटला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लोह्याहून ट्रकनं मदतीला गेलेल्यांत तरुण टोटलमामा होते. मास्तर म्हणून त्यांच्या हाती वही दिली. "किती मोजले तिथं आबा?" चिरंजीवांनी विचारलं. पोरानं त्या गावचं नाव पुस्तकात वाचलेलं.

"मोजले नाई," मामा म्हणाले. "यादी केली. यादीत आधी नाव असतं." आणि उठून ते अंगणात जनावरांना पाणी पाजायला गेले. ते आधीच पाजलेलं होतं.

पोळ्याच्या दिवशी आम्ही सगळे गावी होतो. मामींनी पुरणपोळ्यांची चळत झाकून ठेवली होती. चिरंजीवांनी गंमत म्हणून फडकं काढून फोटो घेतला. यंत्र म्हणालं, 'केक, ०.७१, नग १'. मामा बोट लावून काठ मोजायला लागले. कोणाच्या मते बावीस, कोणाच्या मते चोवीस. मामी लाटणं धुवत होत्या. "सव्वीस," त्या म्हणाल्या. "चळत कशाला मोजूलालाव? लाटायच्या आधीच उंडे मोजायचे असतेत. एकावर एक ठेवल्यावर माणूस चुकतो."

त्या वेळी हे वाक्य कोणी वहीत लिहिलं नाही. खरं तर सगळी विद्या तेवढीच आहे. पतंग कागदावर पसरून का मांडायचे, ताटं उठायच्या आधी दारात का उभं राहायचं, जनगणनेला मध्यरात्रीची वेळ का निवडायची? कारण मध्यरात्री माणसं जागच्या जागी असतात, एकावर एक चढत नाहीत. आधी मांडायचं, मग मोजायचं. मामींनी हे कुठल्या शाळेत न जाता शिकून घेतलं होतं आणि कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

कसोटीची रात्र पुढच्या महिन्यात आली. त्या आठवड्यात सापळ्यात पहिल्या रात्री नऊ, दुसऱ्या रात्री आठ. तिसऱ्या रात्री आठ भरले की सकाळी फवारणी. ओसरीवर दिव्याखाली पांढरा कागद पसरला. मामींनी पिशवी झटकली आणि त्या भाकरी टाकायला आत गेल्या. चिरंजीवांनी फोटो घेतला. मामांनी मणी ओढावेत तसं बोट फिरवत मोजलं.

"सात."

"आबा, यंत्र आठ म्हणतंय."

"सात."

"०.८३ नं म्हणतंय."

"मी एकनं म्हणतो."

अर्धा तास वाद चालला. मामांनी नियम १ वाचून दाखवला. चिरंजीवांनी फोटो मोठा केला. शेजारचे दोघं आले, त्यांनी प्रत्येकी एक वेगळा आकडा सांगितला आणि चहा घेऊन गेले. शेवटी आतून आवाज आला, "आव, ऐकूलालाव का? नऊ हायेत."

"तू कधी मोजले?"

"झटकली कोणी पिशवी? पडतानाच मोजले की."

मामांनी काडीनं एक एक पतंग बाजूला सारला. दोन ठिकाणी जोड्या एकमेकांवर पडलेल्या. यंत्रानं एक जोडी ओळखली होती, एक सुटली होती. मामांच्या दोन्ही सुटल्या होत्या. नऊ. यंत्र मामांच्या पुढे आणि मामी यंत्राच्या पुढे, असा निकाल लागला. मामांनी वही ओढली, तारीख घातली, 'पतंग ९' लिहिलं आणि सवयीनं शेऱ्याच्या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहणीवरून' असं लिहायला घेतलं.

"कोणाच्या?" मामींनी दारात उभं राहून विचारलं.

मामांनी पेन उचलला. थोडा विचार केला आणि रकान्याच्या सुरुवातीला, जागा बारीक होती तरी अक्षर दाबून बसवत, मामींचं पूर्ण नाव लिहिलं. माहेरच्या आडनावासकट.

"नाव ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "आधी दिवा मालवा. भाकरीत पतंग यायलेत."

मामांनी दिवा मालवला. सगळं अंगण एकदम काळं झालं. गोठ्यात जनावरं हलली, कुठंतरी एक कुत्रं भुंकलं, रस्त्यावरून लातूरकडे एक ट्रक गेला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अंधारातून मामांचा आवाज आला, समाधानाचा.

"अकरा."

कशाचे अकरा, हे कोणीही विचारलं नाही.